‘द ग्रेट गॅट्स्बी’: पात्रं आणि प्रतीकांचं विश्लेषण कोणत्या क्रमाने करायचं

‘हिरवा दिवा म्हणजे अमेरिकन स्वप्न. राखेची दरी म्हणजे नैतिक अधःपतन. डॉक्टर एकलबर्गचे डोळे म्हणजे देव.’ बी.ए.-एम.ए.च्या उत्तरपत्रिका असोत, सेमिनारचे निबंध असोत की वाचनगटातली चर्चा असो, एफ. स्कॉट फिट्झजेराल्डच्या या कादंबरीचा विषय निघाला की ही तीन वाक्यं हमखास येतात. ती साफ खोटी नाहीत. पण ती पुस्तक न उघडताही लिहिता येतात, आणि एकदा लिहून झाली की पुढे बोलायला काही उरत नाही. मग उरलेली दोन पानं कथानक सांगण्यात जातात.

चूक बुद्धीची नाही, क्रमाची आहे. अर्थ आधी ठरतो आणि मजकूर त्याच्यामागे फरफटत येतो. खाली क्रम उलटा केला आहे: आधी नोंदी, मग निवेदक, मग पात्रं, मग प्रतीकं, आणि अर्थ सगळ्यात शेवटी. या कादंबरीत तर हाच क्रम लागतो, कारण इथलं प्रत्येक प्रतीक कुणाच्या तरी नजरेतून दिसतं. ती नजर कुणाची हे ठाऊक नसेल तर प्रतीकाबद्दल जे लिहाल ते हवेतच राहील.

पूर्वतयारी

मूळ इंग्रजी मजकूर हवा, पूर्ण, नऊच्या नऊ प्रकरणं. फिट्झजेराल्डचं निधन १९४०मध्ये झालं, त्यामुळे भारतात ही कादंबरी केव्हाच स्वामित्वहक्कातून मोकळी झाली. अमेरिकेतही ती १ जानेवारी २०२१पासून खुली आहे. म्हणजे अधिकृतपणे फुकट प्रत मिळते. शक्य असेल तर दोन प्रती ठेवा: एक छापील, समासात पेन्सिलने लिहायला, आणि एक फोनवर किंवा संगणकावर, शब्द शोधायला.

पार्श्वभूमीसाठी इतिहासाचं पुस्तक वाचत बसू नका. तीन गोष्टी पुरतात.

पहिली, दारूबंदी. अमेरिकेत ती १९२० ते १९३३ या काळात होती. कथा १९२२च्या उन्हाळ्यात घडते, म्हणजे गॅट्स्बीच्या पार्ट्यांमधला प्रत्येक प्याला बेकायदा विक्रीतून आलेला आहे. गॅट्स्बी जिच्यासाठी झुरतो त्या डेझीचा नवरा टॉम जेव्हा गॅट्स्बीच्या ‘ड्रगस्टोअर्स’चं बिंग फोडतो, तेव्हा तो औषधांच्या दुकानाआडून चालणाऱ्या दारूविक्रीबद्दल बोलत असतो. हे माहीत नसेल तर तो संवाद निरर्थक वाटतो.

दुसरी, भूगोल. कागदावर एक नकाशा काढा: उजवीकडे लाँग आयलंडवरचे समोरासमोरचे ईस्ट एग आणि वेस्ट एग, मध्ये खाडी, डावीकडे न्यूयॉर्क शहर, दोघांच्या दरम्यान राखेची दरी. ईस्ट एगमध्ये पिढीजात श्रीमंत राहतात, वेस्ट एगमध्ये नवश्रीमंत. शहरात जायला प्रत्येकाला राखेतूनच जावं लागतं.

तिसरी, १९१९च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम स्पर्धेत, निकाल आधीच ठरवून खेळल्याचं प्रकरण. आपला धंद्यातला साथीदार मायर वुल्फशाइमची ओळख गॅट्स्बी याच प्रकरणाचा सूत्रधार म्हणून करून देतो.

*इशारा:* गाइड, सारांश, चित्रपट हे सगळं टप्पा ७ संपेपर्यंत बाजूला ठेवा. गाइडमधलं तयार वाक्य एकदा डोक्यात बसलं की डोळे मजकुरात फक्त तेच शोधू लागतात.

टप्पा १: पहिलं वाचन, प्रतीकांशिवाय

पहिल्या वाचनात प्रतीक हा शब्दही मनात आणू नका. प्रत्येक प्रकरण संपलं की अर्धं पान लिहा: कोण कुठे गेलं, कुणाबरोबर, काय घडलं, आणि कुणी कुणाला काय सांगितलं. मत नको, विशेषणं नकोत.

*तपासणी:* सातव्या प्रकरणात शहराकडे जाताना गॅट्स्बीच्या पिवळ्या गाडीत कोण होतं आणि टॉमच्या निळ्या गाडीत कोण? परतताना कोण कुठे बसलं? टॉमची प्रेयसी मर्टल विल्सन त्या पिवळ्या गाडीसमोर धावत का आली? उत्तर असं: जाताना पिवळी गाडी टॉम चालवत होता, सोबत निवेदक निक आणि डेझीची मैत्रीण जॉर्डन. मर्टलने वरच्या खिडकीतून ते पाहिलं आणि जॉर्डनलाच टॉमची बायको समजली. संध्याकाळी तीच गाडी दिसताच तिला वाटलं टॉम आला. प्रत्यक्षात गाडी डेझी चालवत होती आणि शेजारी गॅट्स्बी होता. हे सांगता येत नसेल तर सातवं प्रकरण पुन्हा वाचा. पुढचे सगळे टप्पे या अदलाबदलीवर उभे आहेत.

टप्पा २: घडल्याचा क्रम आणि सांगितल्याचा क्रम

वहीच्या पानावर दोन रकाने पाडा. डावीकडे घटना जशा घडल्या तशा: गॅट्स्बी आणि त्याला तरुणपणी हाताशी धरणाऱ्या श्रीमंत डॅन कोडीची भेट, १९१७मध्ये लुइव्हिलला डेझीची भेट, जून १९१९मध्ये डेझी-टॉमचं लग्न, १९२२चा उन्हाळा, आणि त्यानंतर निकचं लिहायला बसणं. उजवीकडे ती गोष्ट आपल्याला कोणत्या प्रकरणात कळते आणि कुणाकडून, ते लिहा.

दोन्ही रकाने शेजारी ठेवले की एक महत्त्वाची गोष्ट दिसते. गॅट्स्बीने आपल्या तारुण्याची, डॅन कोडीची खरी हकीकत निकला सांगितली ती मर्टल गाडीखाली मेली त्या रात्री. पण निक ती सहाव्या प्रकरणातच देतो आणि तसं कबूलही करतो: हे मला खूप नंतर कळलं, पण अफवा दूर व्हाव्यात म्हणून इथे घालतोय. म्हणजे वाचकाने गॅट्स्बीकडे सहानुभूतीने कधी पाहायचं हे निक ठरवतो आहे.

टप्पा ३: निवेदकाची उलटतपासणी

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि इथेच विश्लेषण फसतं. निक कॅरवेला खिडकीची काच समजू नका. तो एक पात्र आहे, आणि बाकीची सगळी पात्रं त्याच्या हातून आपल्यापर्यंत येतात.

निक स्वतःबद्दल जे दावे करतो ते एका बाजूला लिहा आणि त्याचं वागणं दुसऱ्या बाजूला.

सुरुवातीलाच तो म्हणतो की आपण लोकांबद्दल चटकन मत बनवत नाही. त्याच प्रकरणात टॉमचं शरीर त्याला क्रूर वाटतं आणि गॅट्स्बीला तो सगळ्या निकषांतून सूट देऊन टाकतो. तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी तो स्वतःला आपल्या पाहण्यातल्या मोजक्या प्रामाणिक माणसांत गणतो. पण लगेच आधीच्या ओळींत गावाकडच्या मुलीला तो दर आठवड्याला प्रेमाने सही करून पत्रं लिहितोय आणि इकडे जॉर्डनबरोबर फिरतोय. दुसऱ्या प्रकरणातल्या पार्टीत आपण प्यायलो होतो आणि सगळं धूसर दिसत होतं असं तोच सांगतो. आणि सर्वांत मोठी गोष्ट: गाडी डेझी चालवत होती हे त्याला माहीत असूनही तो कधीच बोलत नाही. नवव्या प्रकरणात टॉम समोर उभा आहे, मर्टलला गॅट्स्बीने मारलं असं ठामपणे म्हणतोय, तरीही निक गप्प राहतो आणि निघताना त्याच्याशी हात मिळवतो.

याचा अर्थ निक खोटारडा, असा निष्कर्ष काढायची घाई नको. इतकंच लिहा: कुठे तो प्रत्यक्ष साक्षीदार आहे, कुठे ऐकीव सांगतो, कुठे कल्पना करतो. जलतरण तलावातली गॅट्स्बीची शेवटची दुपार निकने पाहिलेली नाही. तिथे तो ‘मला वाटतं’, ‘कदाचित’ अशा शब्दांनीच वाट काढतो. त्या परिच्छेदातून गॅट्स्बीच्या मनाबद्दल विधान करणारं उत्तर खरं तर निकच्या मनाबद्दल बोलत असतं.

*तपासणी:* तुमच्या नोंदींत ‘लेखक म्हणतो’ असं किती ठिकाणी लिहिलंय ते पाहा. जवळपास सगळीकडे तिथे ‘निक म्हणतो’ हवं.

टप्पा ४: पात्रांची पानं

प्रत्येक मुख्य पात्राला एक पान आणि चार रकाने: काय बोलतं, काय करतं, इतर त्याच्याबद्दल काय म्हणतात, आणि त्याच्याभोवती कोणत्या वस्तू दिसतात. प्रत्येक नोंदीपुढे प्रकरणाचा आकडा. पृष्ठक्रमांक आवृत्तीप्रमाणे बदलतात, प्रकरण बदलत नाही.

डेझीचं पान कसं भरतं ते सविस्तर पाहू, कारण तिच्याबद्दल दोन टोकांची उत्तरं येतात: एक तर ‘स्वार्थी, उथळ बाई’ नाही तर ‘पुरुषसत्तेची बळी’. पान भरल्यावर दोन्ही तोकडी वाटतात.

मुलगी झाली तेव्हाची गोष्ट ती स्वतः सांगते: मुलीने सुंदर आणि मूर्ख असावं, या जगात बाईला तेच बरं (प्रकरण १). लग्नाच्या आदल्या दिवशी ३,५०,००० डॉलरची मोत्यांची माळ बाजूला टाकून ती दारूच्या नशेत एक पत्र मुठीत धरून बसते. ते पत्र पाण्यात भिजून त्याचे तुकडे होतात, आणि दुसऱ्या दिवशी ती न डगमगता टॉमशी लग्न करते. हे सांगणारी जॉर्डन आहे (प्रकरण ४). गॅट्स्बीच्या शर्टांच्या ढिगाऱ्यात तोंड खुपसून ती रडते (प्रकरण ५). प्लाझा हॉटेलात गॅट्स्बीला हवं ते वाक्य, म्हणजे ‘मी टॉमवर कधीच प्रेम केलं नाही’, तिच्या तोंडून टिकत नाही. एकेकाळी त्याच्यावरही प्रेम होतं असं ती म्हणते (प्रकरण ७). त्याच रात्री स्वयंपाकघराच्या टेबलावर तळलेलं थंडगार चिकन आणि एल-बिअरच्या दोन बाटल्या मध्ये ठेवून नवरा-बायको बसलेत, टॉमचा हात तिच्या हातावर आहे. गॅट्स्बीच्या अंत्यविधीला तिचा निरोप नाही, फूल नाही (प्रकरण ९).

आता लक्षात घ्या: प्लाझातलं तिचं बोलणं बहुधा पूर्ण खरं आहे. गॅट्स्बीला पाच वर्षं पुसून हवी होती आणि तिने ती पुसली नाहीत. त्याआधी काही तासांपूर्वी तिची मुलगी खोलीत येते तेव्हा गॅट्स्बी त्या पोरीकडे आश्चर्याने पाहत राहतो, जणू ती खरोखर आहे यावर त्याचा विश्वासच नव्हता. गॅट्स्बीच्या पात्राचा सगळ्यात नेमका पुरावा मला त्या एका नजरेत वाटतो, आणि तो उत्तरांत फार क्वचित दिसतो.

मर्टलसाठी वस्तूंचा रकाना महत्त्वाचा. दुसऱ्या प्रकरणात ती तीन वेगवेगळ्या पोशाखांत दिसते, आणि शेवटच्या पोशाखाबरोबर तिचं वागणंही बदलतं असं निक स्पष्ट सांगतो. टॉम आणि जॉर्डनची पानं लवकर भरतात. मर्टलचा नवरा जॉर्ज विल्सनचं पान जवळजवळ रिकामं राहील. तसंच राहू द्या, त्याचा उपयोग टप्पा ६मध्ये आहे.

*इशारा:* एका पात्राला एक विशेषण चिकटवू नका. पानावर एकमेकांशी न जुळणाऱ्या किमान दोन नोंदी सापडल्या नाहीत तर शोध अपुरा आहे.

टप्पा ५: प्रतीकांचा पंचनामा

पंचनाम्यात ‘घरफोडी झाली’ हे आधी लिहीत नाहीत. कुलूप कसं होतं, कडी कुठे पडली होती, कोण हजर होतं ते लिहितात. प्रतीकाचंही तसंच. एखादी वस्तू पुन्हा पुन्हा येते असं वाटलं की तिच्या प्रत्येक येण्याची नोंद करा: प्रकरण, तिथे कोण आहे, कोण पाहतंय, वस्तू प्रत्यक्ष कशी आहे, आणि मागच्या वेळेपेक्षा काय बदललं.

डिजिटल प्रतीत शब्द शोधून यादी करा, पण त्यावर विसंबू नका. शोध फक्त शब्द देतो, प्रसंग देत नाही.

हिरवा दिवा घेऊ. तो तीन ठिकाणी येतो.

पहिल्या प्रकरणाच्या शेवटी गॅट्स्बी अंधारात पाण्याकडे हात पसरून उभा आहे. तो काही बोलत नाही. निकला दूरवर एक बारीक हिरवा दिवा दिसतो, कदाचित धक्क्याच्या टोकाचा.

पाचव्या प्रकरणात गॅट्स्बी डेझीला सांगतो, धुकं नसतं तर खाडीपलीकडे तुझं घर दिसलं असतं, तुमच्या धक्क्यावर रात्रभर हिरवा दिवा असतो. इथे नीट पाहा: दिवा या प्रसंगात दिसतच नाही. डेझी शेजारी आहे, तिने त्याच्या हातात हात घातलाय, आणि तो आपल्याच वाक्यात हरवलाय. त्या दिव्याचं महत्त्व आता संपलं असं कदाचित त्याच्या मनात आलं असावं, हे निक म्हणतो. पुन्हा एक ‘कदाचित’.

नवव्या प्रकरणात गॅट्स्बी मेलेला आहे. निक किनाऱ्यावर एकटा बसलाय. डच खलाशांना पहिल्यांदा दिसलेली हिरवी भूमी आणि गॅट्स्बीला दिसलेला हिरवा दिवा यांची सांगड तो इथे घालतो.

आता लिहायला काहीतरी मिळालं. स्वतः गॅट्स्बी त्या दिव्याबद्दल संपूर्ण पुस्तकात एकदाच बोलतो, आणि तेही एक साधी माहिती म्हणून. त्याला अमेरिकेच्या आकाराचं केलं ते निकने, मागाहून, मित्राच्या मरणानंतर. ‘हिरवा दिवा म्हणजे अमेरिकन स्वप्न’ या वाक्याऐवजी ‘एका माणसाच्या ओढीला निक राष्ट्राचा अर्थ देतो’ असं मांडलं, की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो: त्याला तसं करण्याची गरज का पडली?

टप्पा ६: वस्तू आधी, अर्थ नंतर

राखेची दरी ही आधी खरी राख आहे. त्या काळी न्यूयॉर्कमध्ये जळणाऱ्या कोळशाची राख क्वीन्स भागात टाकली जाई आणि तिथे राखेचे ढिगारे साठले होते. श्रीमंतांची घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्यांचा गाळ कुणाच्या तरी दारात पडतो, ही वस्तुस्थितीच इतकी बोलकी आहे की ‘नैतिक अधःपतन’ हा शब्द तिच्यापुढे फिका पडतो.

एकलबर्गचे डोळेही आधी जाहिरात आहेत: चेहऱ्याविना निळे डोळे, त्यांच्यावर प्रचंड पिवळा चष्मा. धंदा वाढावा म्हणून कुणी डोळ्यांच्या डॉक्टराने फलक लावला आणि मग तो निघून गेला किंवा मेला. दुसऱ्या प्रकरणात टॉम त्यांच्याकडे कपाळाला आठ्या घालून बघतो आणि ही जागा भयंकर आहे म्हणतो. सातव्यात निकला ते पहारा देताना जाणवतात, पण क्षणभराने त्याला दुसरे डोळे दिसतात, वीस फुटांच्या आत, खिडकीतल्या मर्टलचे. आणि आठव्यात, पहाटे, बायकोच्या मृत्यूने खचलेला विल्सन त्या फलकाकडे बघून म्हणतो की देव सगळं पाहतो. शेजारचा मिकेलिस लगेच सांगतो, अरे, ती जाहिरात आहे.

म्हणजे ‘डोळे म्हणजे देव’ हे कादंबरीचं म्हणणं नाही. ते एका माणसाचं म्हणणं आहे, ज्याने थोड्या वेळापूर्वीच आपलं कुठलंही चर्च नसल्याचं सांगितलंय, आणि पुढच्याच ओळीत ते खोडलं जातं. टप्पा ४मध्ये रिकामं राहिलेलं विल्सनचं पान इथे कामी येतं: ज्याच्याकडे काहीच नाही, त्याला एका पडीक जाहिरातीत देव शोधावा लागतो.

*इशारा:* रंगांची कोष्टकं करू नका. निळा म्हणजे स्वप्न असं ठरवलंत तर टॉमची गाडी निळी आहे, मर्टलचा पहिला पोशाख गडद निळा आहे. हिरवा म्हणजे आशा, तर सातव्या प्रकरणात आजारी विल्सनचा चेहरा उन्हात हिरवा दिसतो, आणि अपघातानंतर मिकेलिस पहिल्या पोलिसाला गाडीचा रंग फिकट हिरवा सांगतो. पिवळ्या गाडीबद्दलची ही चूक एका रंगाला एक अर्थ देणाऱ्या कोष्टकात कुठेच बसत नाही.

टप्पा ७: यादीबाहेरचा एक धागा स्वतः शोधा

नेहमीच्या उत्तरांत न येणारा एक धागा पकडा आणि नऊ प्रकरणांतून ओढा. उदाहरण म्हणून गाडी चालवणं घ्या. तिसऱ्या प्रकरणात पार्टीनंतर एक गाडी चाक निखळून खड्ड्यात पडते. घुबडी चष्म्याचा माणूस बाहेर येतो, सगळे त्यालाच दोष देतात, आणि तो सांगतो की मी चालवत नव्हतो, आत दुसरा आहे. त्याच प्रकरणात जॉर्डनची गाडी एका मजुराच्या कोटाचं बटण उडवत जाते. इतरांनी बाजूला व्हावं असं तिचं म्हणणं. चौथ्यात टॉमच्या जुन्या अपघाताची हकीकत येते: पुढचं चाक निखळलं आणि सोबतच्या मुलीचा हात मोडला. सातव्यात मर्टल मरते. नवव्यात जॉर्डन निकला ऐकवते की तिला दुसरा वाईट चालक भेटला, आणि तो निकच.

तिसऱ्या आणि सातव्या प्रकरणातले अपघात शेजारी ठेवा. दोन्हीकडे दोष येतो चालवणाऱ्यावर नाही, शेजारी बसलेल्यावर. पहिल्या वेळी खरा चालक दोन मिनिटांत समोर येतो. दुसऱ्या वेळी तो कधीच येत नाही, आणि गॅट्स्बीचा जीव जातो. पात्र आणि वस्तू इथे एकाच वाक्यात भेटतात, आणि ते वाक्य तुमचं स्वतःचं असतं.

टप्पा ८: लेखन

एक परिच्छेद, एक विधान. विधानात पात्राचं नाव आणि प्रतीक दोन्ही हवीत. मग प्रसंग, प्रकरणासह. मग कोण पाहतंय. मग मागच्या वेळेपेक्षा काय बदललं. अवतरण लहान घ्या, चार-पाच शब्दांचं, आणि त्या शब्दांबद्दल किमान एक वाक्य लिहा. मोठं अवतरण टाकून पुढे गेलात तर परीक्षकाला वाटेल की तुम्ही जागा भरली.

परीक्षेत वेळ कमी असतो, म्हणून चार प्रतीकांना शिवण्यापेक्षा दोनच घ्या आणि त्यांची सगळी स्थानं द्या. कथानक सांगू नका. परीक्षकाने कादंबरी वाचलेली आहे असं धरून चाला.

*शेवटची तपासणी:* प्रत्येक परिच्छेदातली गॅट्स्बी, डेझी, हिरवा दिवा ही नावं बोटाने झाका. परिच्छेद दुसऱ्या एखाद्या कादंबरीबद्दलही तितकाच खरा वाटत असेल, तर तो काढून टाका आणि टप्पा ५च्या नोंदींतून एक प्रसंग उचलून नव्याने लिहा.